ओजसची गोधडी

खारकोंड गावात त्या यंत्राला सगळे 'हुंगी' म्हणत. खरं नाव लांबलचक होतं, परक्या भाषेतलं, आणि ज्याच्या पाठीवर ते यंत्र असायचं त्या सारंग कुबललाही ते धड उच्चारता येत नसे. आंब्यावर फवारणी करायचा पंप असतो तशी पाठीवरची पेटी, तिला रबरी नळी, नळीच्या टोकाला जाळीचं तोंड. ते तोंड दारात धरायचं, कळ दाबायची आणि चहाला आधण येईपर्यंत थांबायचं. मग मनगटावरच्या पडद्यावर एक ओळ उमटायची. घरात आठ वर्षांच्या आतलं मूल नसेल तर हिरवी, 'कोणी नाही'. असेल तर लाल. मुलगा की मुलगी, वय किती, आणि शेवटी एक शब्द, 'उपस्थित'.

लाल ओळ आली की राखाडे आत शिरत.

राखाडे म्हणजे करड्या गणवेशातले ते सैनिक. समुद्रावरून आले, खाडीच्या तोंडाशी तळ ठोकला आणि किनाऱ्याचा एवढा तुकडा घाटापासून तोडून घेतला, त्याला आता दोन पावसाळे उलटले होते. गावाला आधी वाटलं, यांना बंदर हवं असेल. बंदर त्यांना नकोच होतं. त्यांच्या देशात म्हातारे उदंड झाले होते आणि पाळणे रिकामे पडले होते, तेव्हा त्यांना हवी होती पोरं. तीही आठाच्या आतली. त्यापुढे भाषा पक्की होते, मग मूल घर विसरत नाही, असं त्यांच्या शहाण्यांचं गणित होतं. मुलं न्यायला पांढरं जहाज यायचं. त्याला ते 'आरोग्य जहाज' म्हणत, आणि मुलांच्या हातात चॉकलेट देऊनच त्यांना वर चढवत.

सारंगचा ओजस पहिल्याच जहाजातून गेला. तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता.

सारंग कोळंबीच्या तळ्यांवर हवेचे पंप दुरुस्त करायचा. असा माणूस राखाड्यांना हवाच होता. त्यांच्या डॉक्टर-कप्तान वेल्दाबाईंनी त्याला बोलावून खुर्ची दिली, सरबत दिलं. बाईंच्या गळ्यात भाषांतराची डबी होती. त्या त्यांच्या भाषेत हळूच बोलत आणि डबीतून शुद्ध पुस्तकी मराठी बाहेर पडे. "ही खाडी स्वच्छ झाली, की आपला पुत्र आपणांस परत मिळेल. कृपया घाबरू नये." स्वच्छ म्हणजे काय हे सारंगला समजलं होतं. लपवलेलं एकही मूल उरता कामा नये. तरी त्याने यंत्र पाठीवर घेतलं. बापाच्या जागी उभं राहून बघा आणि मग त्याला नावं ठेवा, असं गाव म्हणालं असतं तर बरं झालं असतं. पण गावाने नावं आधी ठेवली.

त्या सकाळी बाबी मोंडकराच्या घरात लाल ओळ आली होती. मुलगा, वय तीन. माशांसाठी बर्फ ठेवायच्या जाड पेटीत त्याला बसवलं होतं, झाकणाला भोकं पाडून. राखाड्याने उचलला तेव्हा पोर रडलंही नाही, एवढं त्याला गप्प राहायला शिकवलं होतं. त्याची आई सैनिकांकडे बघत नव्हती. ती सारंगकडे बघत होती. लग्नात हिनेच त्याच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या होत्या.

ओसरीवरून बाबीचा म्हातारा बाप एवढंच म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

सारंग मान खाली घालून पुढच्या घराकडे वळला.

दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा पूर्वाने, त्याच्या बायकोने, ताट वाढलं आणि भिंतीकडे तोंड करून विचारलं, "आज कोणाचं?"

रोज ती एवढंच विचारायची. ओजस गेल्यापासून नवरा-बायकोत बाकीचं बोलणं आटलं होतं.

"बाबीचं," तो म्हणाला.

पूर्वा उठून मागच्या दारी गेली. आमटी निवून गेली तरी तो तसाच बसून राहिला.

जेवणानंतरचं पहिलं घर त्याच्या बहिणीचं होतं.

शाल्मली त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. गावची बालवाडी तिची. म्हणजे होती. आता बालवाडीत राखाड्यांनी डिझेलचे पिंप ठेवले होते. नवरा युद्धाच्या पहिल्या आठवड्यात बोटीवर गेला तो परतलाच नाही, आणि पोटी मूल नाही. तिच्याकडे हुंगी न्यायची म्हणजे नुसता उपचार. वेल्दाबाई फाटकापाशी गाडीतच बसून राहिल्या आणि सैनिक चिंचेच्या सावलीला टेकला.

सारंगने नळी पडवीत धरली. कळ दाबली.

ओळ लाल आली. त्यात नाव होतं. नाव फक्त नोंद झालेल्या, म्हणजे एकदा धरून नेलेल्या मुलाचंच येतं.

'ओजस सारंग कुबल. मुलगा. वय साडेचार. उपस्थित.'

दोन पावसाळे ज्याच्यासाठी त्याने गावाचे शिव्याशाप खाल्ले, तो इथे, ताईच्या घरात. पळून आला असेल. कुणीतरी आणून सोडला असेल. विचार करायला तो थांबलाच नाही, यंत्रासकट आत धावला.

"ओज्या. ए ओज्या. बाबा आलाय रे."

माजघरात कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात शाल्मली तांदूळ निवडत होती. त्याचा चेहरा बघून तिचा हात सुपातच थांबला.

"ताई, कुठे आहे तो?"

"कोण?"

"ओजस. हुंगी खोटं बोलत नाही ताई, त्याचं नाव आलंय. कुठे ठेवलायस?"

शाल्मली उठली. भावाच्या तोंडावरची ती आशा तिने पाहिली. हळूच म्हणाली, "सारंगा, पडवीत बाकावर बघ."

बाकावर ऊन पडलं होतं आणि उन्हात एक गोधडी पसरली होती. निळ्या काठाची, मधोमध पिवळ्या कापडाचा तुकडा, त्यावर बदकाचं चित्र. ओजसची गोधडी. पूर्वाने ती समुद्रात टाकली असं सारंगला सांगितलं होतं.

"टाकवेना तिला. घरात बघवेना. म्हणून माझ्याकडे दिली," शाल्मली म्हणाली. "वैशाख आहे, झटकून ऊन दाखवायला काढली."

सारंग खाली बसला. नळीचं तोंड त्याने गोधडीला लावलं. ओळ तशीच उभी, आणखी ठळक. मग हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला, कारण हुंगी कशी चालते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

माणूस नुसता बसला तरी झडत असतो. कातडीचे डोळ्यांना न दिसणारे कोंडे हवेत जातात, श्वासाबरोबर थेंब जातात. त्या प्रत्येक कणात त्या माणसाची पुरती ओळख असते, जनुकांची लांब साखळी. हुंगी हवा ओढते, कण गाळून घेते आणि साखळी वाचते. त्यावरून मुलगा की मुलगी कळतं, आईबाप कळतात. वयाचं कोडं सुटायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षं लागली. माणूस जसा वाढतो तशा त्या साखळीवर ठिकठिकाणी रसायनाच्या बारीक टिकल्या चढत जातात, काही ठिकाणच्या गळत जातात. बैलाचे दात बघून वय सांगतात ना, तसं या टिकल्या मोजून हुंगी वय सांगते.

पण कण एकदा अंगावरून झडला की त्याच्यावरच्या टिकल्या तिथेच थांबतात. साडेचार वर्षांच्या मुलाचा कोंडा पन्नास वर्षांनी वाचला तरी साडेचारच वर्षांचा. हे यंत्र करणाऱ्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी हिशोब केला होता की असल्या दमट, खाऱ्या हवेत असा कण चार दिवसांत सडून जातो, मग काळजी कसली. जमिनीवरचा सडतोच. पण खारकोंडात एक रीत होती. मुलाचं अंगावरचं झबलं गोधडीत घालायचं तर धुवायचं नाही. धुतलं तर बाळाची झोप धुऊन जाते, असं बायका म्हणत. न धुतलेलं झबलं दोन लुगड्यांच्या मध्ये, वर वेखंडाची पूड आणि कडुलिंबाचा वाळका पाला, आणि मग सगळं दाट धावदोऱ्याने शिवून टाकायचं. आत ना ओल जाते ना कसर, पण ऊन दाखवून झटकली की आतला कोंडा हवेत उडतो. जिथे पांघरुणं दुकानातून येतात आणि कचऱ्यात जातात, त्या देशातल्या माणसाला हे सुचणार कुठून?

म्हणजे ओजस आलाच नव्हता. त्याचा कोंडा आला होता.

तो उठला आणि यंत्र बंद न करताच माजघरातून मोरीकडे तोंड धुवायला निघाला. माळ्याच्या शिडीजवळून जाताना मनगटावरचा पडदा थरथरला. त्याने सवयीने पाहिलं.

'मुलगी. वय सहा. नोंद नाही. उपस्थित.'

त्याने मान वर केली. माळ्यावर नारळ सोलून उरलेल्या सोडणांचा ढीग होता. ढिगामागे काही हललं नाही, पण हलायचं थांबलेलं काहीतरी तिथे होतं.

शाल्मली शिडीच्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"जुई आहे," ती म्हणाली. "पराडकरांची. आईबाप गेले तिचे, बंधाऱ्यावरच्या गोळीबारात. पलीकडच्या वाडीतली माणसं घाट चढून नेणार होती तिला. तेवढ्यात तुम्ही खाडी बंद केलीत."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुला कसं सांगू? तू बाप आहेस. तू सौदा केला असतास."

खोटं बोलली असती तर त्याला राग आला असता. ती खरं बोलली, त्यामुळे त्याला राग धरायला जागा उरली नाही. खरोखरच, ती ओळ वाचल्या वाचल्या त्याच्या मनात पहिलं आलं होतं ते हेच. शेवटचं मूल असेल हे. हे दिलं की खाडी स्वच्छ. हे दिलं की ओजस.

पडवीत बुटांचा आवाज झाला. वेल्दाबाई आत आल्या होत्या.

"आपण धावत आत गेलात," डबी म्हणाली. "काही सापडले काय?"

शाल्मलीने डोळे मिटले. सारंग झटकन पडवीत गेला. त्याने बाकावरची गोधडी उचलली आणि बाईंपुढे धरली.

"माझ्या मुलाची आहे, मॅडम. जुनी. हुंगी... यंत्र हिलाच फसलं. मला वाटलं तोच आलाय."

बाईंनी पडदा पाहिला. पडवीत परतल्यावर तिथे पुन्हा ओजसचीच ओळ होती. त्यांनी गोधडीवरून बोट फिरवलं, बदकावर थांबल्या. चेहऱ्यावर कुतूहल होतं, दुसरं काही नाही.

"विलक्षण," डबी म्हणाली. "संध्याकाळी यंत्राची स्मृती मी स्वतः तपासेन. पुढील घर."

आणि त्या गाडीकडे गेल्या.

यंत्राच्या पोटात प्रत्येक ओळ साठते, खोडता येत नाही. संध्याकाळी बाई बघणार. ओजसच्या ओळीखाली त्यांना दिसणार, मुलगी, वय सहा, याच घरात.

"ताई, संध्याकाळपर्यंत वेळ आहे," तो पुटपुटला. "तिची ओळ आत गेली. पुसता येत नाही."

शाल्मलीने गोधडीकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे. बालवाडी चालवणारी बाई ती. एका पोराने दंगा केला तर सापडतो, सगळ्यांनी एकदम केला तर कोणाला धरणार, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"तू आता कुठल्या आळीला जाणार?"

"खालच्या."

"सावकाश जा. चप्पल तुटली म्हण, काहीही म्हण."

ती मागच्या दाराने बाहेर पडली. घरोघर जाऊन तिने एकच गोष्ट सांगितली, "ऊन चांगलं आहे, गोधड्या बाहेर काढा. सगळ्या. पेटीच्या तळाच्यासुद्धा. आणि चांगल्या झटका." का ते सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. त्या गावातल्या प्रत्येक मुलाचं नाक कधी ना कधी तिने पुसलं होतं, आणि तिच्या आवाजात काय होतं ते बायकांना कळलं. सारंगने सांगितलं असतं तर एकीनेही गोधडीला हात लावला नसता.

खालच्या आळीत तो पोचला तेव्हा कुंपणांवर, दगडी गडग्यांवर, दोऱ्यांवर, होड्यांच्या काठांवर गोधड्याच गोधड्या. बायका त्या काठीने झोडपत होत्या. उन्हात बारीक धूळ तरंगत होती.

पहिल्या दारात लाल. दुसऱ्या दारात लाल. मुलगी, वय दोन. मुलगा, वय सात. नोंद नाही, नोंद नाही, नोंद नाही. भिकू तांडेल एकटा राहायचा, पंच्याऐंशीचा म्हातारा, डोळ्यांनी अधू. त्याच्या खोपटात 'मुलगा, वय पाच, उपस्थित' अशी ओळ आली. सैनिकांनी चूल उकरली, छपराची कौलं काढली. भिकू शांतपणे म्हणाला, "सापडला तर मलापण सांगा रे. देवीच्या साथीनंतरच्या तापात गेला तो माझा. लई दिवस झाले."

सैनिक घाबरले. बंदुका असलेली माणसं घाबरली की जास्त वाईट, सारंगला तेच भय वाटत होतं. मूल कुठे दिसत नाही आणि यंत्र तर ओरडतंय की आळीभर मुलंच मुलं आहेत. एका पोरसवद्या सैनिकाने रिकाम्या पाळण्यावर गोळी झाडली.

वेल्दाबाई मात्र घाबरल्या नाहीत. त्या एका गोधडीजवळ गेल्या, खिशातून कात्री काढून शिवण उसवली, आतलं पिवळं पडलेलं कुंची-टोपडं चिमटीत धरलं. बराच वेळ बघितलं.

"आजची स्मृती निरुपयोगी आहे," डबी म्हणाली. "ही युक्ती आहे अथवा योगायोग, ते मी विचारणार नाही. उद्या सकाळी प्रत्येकाने आपली पांघरुणे किनाऱ्यावर आणावीत. ती जाळण्यात येतील. त्यानंतर आपण पुन्हा मोजू."

जुईची ओळ त्या शेकडो ओळींत बुडाली होती. पण आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. उद्या गोधड्या नसतील, आणि माळ्यावर जुई असेल.

तळावर यंत्र ठेवताना त्याने धीर करून विचारलं, "मॅडम, ओजस कधी?"

बाईंनी मान कलती केली. त्या खरंच प्रेमळ दिसत होत्या. "तो मुलगा आता त्या नावाला ओ देत नाही. ही उत्तम प्रगती आहे. आपण आनंद मानावा."

"पण परत..."

"प्रथम खाडी."

घरी पूर्वाने विचारलं, "आज कोणाचं?" तो म्हणाला, "कोणाचंच नाही." तिने वळून पाहिलं. किती दिवसांनी.

सकाळी किनाऱ्यावर सुरूच्या ओंडक्यांची होळी पेटली होती. ज्याची त्याने आणायची असा हुकूम होता. बायका गोधड्या उराशी धरून रांगेने येत होत्या. आपल्या माणसाला अग्नी देताना गाव जसं मुकाट चालतं तसं चाललं होतं.

खाडीपलीकडच्या वाडीतल्या गोधड्या आणायला एक होडी जाणार होती. ती शाल्मलीने मागून घेतली होती. तिला वल्हवता येतं हे सगळ्यांना ठाऊक. होडीत जाळ्याचा ढीग होता. कोणाच्याही होडीत असतो तसाच.

वेल्दाबाईंना गोधड्यांचा संशय नव्हता. होड्यांचा होता. "गठ्ठे राहू द्या," डबी म्हणाली. "जी होडी सुटेल ती मोजा."

सारंग धक्क्यावर उतरला. पाठीवर हुंगी, खांद्यावर ओजसची गोधडी. त्याचीही आणायची होतीच. शाल्मलीने त्याच्याकडे पाहिलं नाही, ती वल्ह्याची दोरी आवळत राहिली. बाई त्याच्या कोपराशी येऊन उभ्या राहिल्या, पडदा दिसेल अशा.

पडद्यावर एकच ओळ मावते. ज्या मुलाचा माग सगळ्यात जवळ, त्याची. सारंग वाकला तसं खांद्यावरच्या गोधडीचं टोक घसरून नळीच्या तोंडावर आलं. की त्याने आणलं? ते त्याचं त्यालाही पुढे कधी सांगता आलं नाही.

'ओजस सारंग कुबल. मुलगा. वय साडेचार. उपस्थित.'

"पुन्हा आपला पुत्र," डबी म्हणाली. बाई जरा हसल्या. मग त्यांनी गाडीतून एक जाड पारदर्शक पिशवी मागवली, तोंडाला पक्की चिकटणारी. "मी क्रूर नाही. ही वस्तू आपण या पिशवीत बंद करून ठेवून घ्यावी. जाळण्याची आवश्यकता नाही. आपले सहकार्य मी जाणते. पिशवी बंद करा, आणि होडी पुन्हा मोजा."

सारंगने पिशवीकडे पाहिलं. ओजसचं जगात एवढंच उरलं होतं. त्या मुलाला आता दुसरं नाव होतं, दुसरी आई होती, उद्या तो समोर आला तरी बापाला ओळखणार नव्हता. साडेचार वर्षांचा, बाबा म्हणणारा ओजस फक्त या गोधडीत होता. पिशवीत घातली की तो राहील. कायमचा राहील. आणि नळीचं तोंड मोकळं होईल.

जाळ्याच्या ढिगाखालून काहीच आवाज येत नव्हता. पण एका जागी जाळं श्वासासारखं अगदी थोडं वर उचललं जात होतं आणि खाली बसत होतं. बाईंची नजर पडद्यावर होती. अजून तरी.

"मॅडम," सारंग म्हणाला, आणि त्याला त्याचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला, "ओहोटी लागली आहे. आत्ता सुटली नाही तर होडी चिखलात बसेल, मग पलीकडच्या गोधड्या उद्यावर. गावाच्या जळतात आणि माझी तेवढी राहते, हे बरं नाही. ही आधी जाळतो."

"पिशवी..."

"नको."

तो होळीकडे चालत गेला. बाबी मोंडकराची बायको तिथे उभी होती, तिने बाजूला होऊन जागा दिली. त्याने गोधडी एकदा तोंडाशी धरली. वेखंडाचा वास, आणि त्याखाली, अगदी तळाशी, दुधाचा. मग त्याने ती आगीवर ठेवली. फेकली नाही, ठेवली, निजलेलं मूल ठेवतात तशी. कापड आधी धुमसलं. शिवण तुटली, आतलं झबलं उघडं पडलं आणि काळं होत गेलं. धूर वाऱ्यावर वळला आणि धक्क्याकडे निघाला, अर्धवट जळलेल्या कापडाच्या ठिणग्या आणि आतला कोंडा घेऊन.

तो परत धक्क्यावर आला. नळी होडीवर धरली. सगळीकडे धूरच धूर होता.

'ओजस सारंग कुबल. उपस्थित.'

बाईंनी पदकावरची राख झटकली. घड्याळ पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. पाणी खरंच उतरत होतं, धक्क्याच्या पायऱ्यांवर ओला पट्टा दिसू लागला होता. संध्याकाळी जहाज येणार होतं आणि त्यांना त्याआधी काम उरकायचं होतं.

"जाऊ द्या," डबी म्हणाली.

शाल्मलीने वल्हं पाण्यात घातलं. होडी सुटली. एकदाच तिने मागे वळून भावाकडे पाहिलं, आणि मग वळली नाही. सारंग नळी तशीच धरून उभा होता. होडी मधल्या धारेला लागली, पलीकडच्या कांदळवनाआड गेली, तरी तो उभा होता. पडद्यावरची ओळ बराच वेळ तशीच होती. मग अक्षरं फिकी झाली, एकदा पुन्हा उजळली, आणि गेली.

'कोणी नाही.'

मग घरोघर पुन्हा मोजलं, तिथेही तीच हिरवी ओळ.

"खाडी स्वच्छ," डबी म्हणाली. "अभिनंदन. आपल्या पुत्राविषयी मी वरिष्ठांस कळवीन."

तिच्या आवाजात कुठेच खोट नव्हती. डबीचा आवाज नेहमी तसाच असायचा.

दुपारी सारंग घरी गेला. अंगाला, केसांना, हातांना धुराचा वास. पूर्वाने ताट वाढलं. वास तिलाही आला असणार, कारण भाताचा डाव हातात धरून ती थांबली. भिंतीकडे तोंड करूनच तिने विचारलं, "आज कोणाचं?"

सारंग घोटभर पाणी प्यायला.

"आपलं," तो म्हणाला.

पूर्वाने डाव खाली ठेवला. ती आली आणि त्याच्या शेजारी बसली, आणि त्याचा राखेने भरलेला हात उचलून तिने आपल्या गालाला लावला. दोघांनी जेवायला बराच उशीर केला.